रविवार कुणी मोडला?

मेरिलँड राज्यातल्या अ‍ॅन अरुंडेल काउंटीत महामार्गालगत सवलतीच्या दरात माल विकणारे एक मोठे दुकान होते. तिथल्या सात नोकरांनी एका रविवारी विकले काय, तर एक फाइल, फरशीला लावायच्या मेणाचा डबा, स्टेपलर आणि त्याच्या पिना, आणि खेळण्यातली एक पाणबुडी. राज्याच्या कायद्यानुसार रविवारी तंबाखू, दूध, पाव, औषधे, पेट्रोल, वर्तमानपत्रे विकायला मुभा होती, स्टेपलरला नव्हती. नोकरांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1961 मध्ये सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल दिला तो कायद्याच्या बाजूने. रविवारच्या बंदीचा उगम धार्मिक असेलही, पण सगळ्यांना एकाच दिवशी विसावा मिळावा हा आजचा हेतू घटनेला सोडून नाही, असे त्यांचे म्हणणे. वॉरन यांचे न्यायालय अमेरिकन उजव्यांच्या लेखी सगळ्या अनर्थाचे मूळ. शाळांमधली सरकारी प्रार्थना त्याने पुढच्याच वर्षी बंद केली. रविवार मात्र त्याने राखला होता. मग तो मोडला कुणी? टेक्सासच्या कायद्यात शनिवारी आणि रविवारी लागोपाठ विकता येणार नाहीत अशा 42 वस्तूंची यादी होती, त्यात भांडी होती, सुऱ्या होत्या, कपडे धुण्याची यंत्रे होती. 1985 मध्ये ती यादी गेली. नॉर्थ डकोटात रविवारी दुपारी बारापर्यंत बहुतेक दुकानांना टाळे असे. 2019 मध्ये तेही निघाले, आणि ते काढणाऱ्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचे भक्कम बहुमत होते, गव्हर्नरही त्याच पक्षाचे. रविवारवर हातोडा घालणाऱ्यांत नास्तिक शोधून सापडायचे नाहीत. तिथे मोठी दुकाने होती, मॉलवाले होते, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी मी काय विकत घ्यायचे हे सरकार कोण सांगणार, असे विचारणारा गिऱ्हाईक होता.

जोनाथन ग्रुबर आणि डॅनियल हंगरमन या दोन अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या राज्यांनी रविवारची बंदी उठवली तिथे चर्चला जाण्याचे प्रमाण घटले, चर्चच्या देणग्या घटल्या, आणि आधी नेमाने चर्चला जाणाऱ्यांमध्ये दारू वाढली, असे त्यांना आढळले. चर्चच्या ओहोटीला तेवढे एकच कारण नाही हे उघड आहे. गॅलपच्या पाहणीत चर्चचे सभासद असल्याचे सांगणारे अमेरिकन 1999 मध्ये 70 टक्के होते आणि 2020 मध्ये 47 टक्के. इतकी मोठी घसरण दुकानांच्या वेळांवर लादणे बरोबर होणार नाही. पण अमेरिकेतल्या परंपरावादी विचाराचा आढावा घ्यायचा तर रविवारइतकी सोयीची खिडकी दुसरी नाही. या विचाराच्या घरात एका छपराखाली दोन चुली आहेत. एका चुलीवर बाजार शिजतो: खासगी मालकी, कमी कर, सरकारने हात आखडता ठेवावा, माणसाला निवडीचे स्वातंत्र्य असावे. दुसरीवर घर, चर्च, शाळा, गाव, लग्न, पिढ्यानपिढ्या चालत आलेली मर्यादा. पहिल्या चुलीची धग दुसरीवरचे अन्न करपवते, आणि तरीही सत्तर वर्षे हे कुटुंब विभक्त झालेले नाही. आज अमेरिकेत उजव्यांची आपसात जी हाणामारी दिसते ती बहुतेक या जुन्या वाटणीचीच आहे, असे माझे म्हणणे आहे. ट्रम्प यांनी ती सुरू केली नाही; त्यांनी फक्त दार उघडे टाकले.

आधी शब्दाचे पाहू. मराठी वर्तमानपत्रे ‘पुराणमतवादी’ लिहितात आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर सोवळे-ओवळे उभे राहते. अमेरिकेत ही उपमा फसते. तिथे राजा नव्हता, सरंजामदार नव्हते, साऱ्या देशाचा असा राजधर्म नव्हता. लुई हार्ट्झ यांनी 1955 मध्ये हाच मुद्दा पुस्तकभर मांडला की तो देशच उदारमतवादात जन्मला. तिथला परंपरावादी जे जपू पाहतो ते 1787 सालचे संविधान, आणि ते स्वतःच त्या काळातले एक धाडस होते. म्हणजे जुने जपायचे म्हटले तरी हाती लागते ते व्यक्तिस्वातंत्र्यच. युरोपातल्या परंपरावाद्याला बाजार हा उपरा वाटू शकतो, अमेरिकनाला तो आजोबांकडून आलेला वाटतो. दोन चुली मांडल्या गेल्या त्या या जमिनीवर.

त्या मांडल्या कशा गेल्या याचा इतिहास मजेशीर आहे. 1953 मध्ये रसेल कर्क यांचे ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ आले. हे गृहस्थ मिशिगनमधल्या मेकोस्टा नावाच्या खेड्यात राहत, झाडे लावत, भुताच्या गोष्टी लिहीत आणि गाडी चालवत नसत. मोटारगाडीला ते यंत्ररूपातला जॅकोबिन, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतला विध्वंसक, म्हणत. जुनी गावे तिने उखडली असा त्यांचा राग. त्याच घराच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियातून आलेले अर्थतज्ज्ञ फ्रिडरिख हायेक होते. 1944 च्या त्यांच्या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती ‘रीडर्स डायजेस्ट’ने घराघरांत पोचवली. पण 1960 मध्ये त्यांनी एक लेखच लिहिला, आपण कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही हे सांगणारा. बाजार उद्या काय घडवेल ते कुणाला ठाऊक नसते आणि परंपरावाद्याला तर बदलाचीच धास्ती, मग आपले जमायचे कसे, असा त्यांचा रोख. या दोघांना एका पंगतीला बसवण्याचे काम विल्यम बकली यांनी 1955 मध्ये काढलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने केले, आणि पंगतीचे शास्त्र रचले फ्रँक मायर या पूर्वाश्रमीच्या कम्युनिस्टाने. मायर यांची मांडणी थोडक्यात अशी: सद्गुण हे ध्येय खरे, पण जबरदस्तीने लादलेला सद्गुण हा सद्गुणच नव्हे, म्हणून स्वातंत्र्य सरकारने राखावे आणि सद्गुण समाजाने. ऐकायला नीटनेटके. पण समाज म्हणजे कोण, आणि बाजाराने त्या समाजालाच पोखरले तर काय, या प्रश्नाला त्यात जागा नव्हती. पंगतीत पहिल्या दिवसापासून कुरबुर होती. आयन रँड यांची नफ्याची आरती गाणारी कादंबरी 1957 मध्ये आली तेव्हा बकलींच्याच नियतकालिकात व्हिटेकर चेंबर्स यांनी तिची सालटी काढली. ईश्वराला हद्दपार करून पैशाला त्याच्या आसनावर बसवणारा भांडवलदार आपला नव्हे, हा त्यांचा सूर.

कुरबुर असूनही पंगत उठली नाही, कारण दाराशी वाघ होता. सोव्हिएत संघ देवही मानत नव्हता आणि खासगी मालकीही. कर्कच्या वाचकाला आणि हायेकच्या वाचकाला एकाच वेळी घाबरवणारा असा शत्रू पुन्हा मिळणे नाही. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर 1964 ची अध्यक्षीय निवडणूक सपाटून हरले, पन्नासपैकी सहाच राज्ये त्यांच्या पदरात पडली. पण त्या प्रचारात तयार झालेली माणसे आणि देणगीदारांच्या याद्या 1980 मध्ये रॉनल्ड रेगन यांच्या कामी आल्या. रेगन यांच्या भाषणांत दोन्ही चुलींचा वास एकत्र यायचा, आणि हेच त्यांचे कसब. 1991 मध्ये वाघ मेला. 1992 मध्येच पॅट ब्युकॅनन यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांना आव्हान दिले, संस्कृतियुद्धाची हाळी दिली, आणि मुक्त व्यापाराच्या कराराविरुद्ध बोलायला लागले. तेव्हा ते विक्षिप्त ठरले. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांचा बहुतेक कार्यक्रम पक्षाच्या मुख्य व्यासपीठावर आला.

पण या विचाराची खरी नाडी सापडते ती रोजच्या जगण्यात. फिलिस श्लाफ्ली यांचेच पाहा. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती अमेरिकन काँग्रेसने 1972 मध्ये मंजूर केली. ती लागू व्हायला 38 राज्यांची संमती हवी होती. तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या श्लाफ्ली यांच्या स्वयंसेविका इलिनॉयच्या विधिमंडळात आमदारांना घरी भाजलेले पाव आणि घरचे जॅम वाटत हिंडल्या. पाव भाजणारीकडून पाव कमावणाऱ्याला, असा त्याचा अर्थ. 35 राज्यांवर गाडी अडली ती अडलीच. वाढवून दिलेली मुदतही 1982 मध्ये संपली. श्लाफ्ली स्वतः वकिली शिकलेल्या, लेखिका, निवडणुका लढवलेल्या. त्या घरात कधी बसल्या, असा टोमणा त्यांना जन्मभर ऐकावा लागला. तो रास्त आहे, पण त्याने त्या पावाचा अर्थ पुसला जात नाही. एका माणसाच्या पगारात घर चालावे आणि दुसऱ्याने घर सांभाळावे, त्याला समाजात मान असावा, ही त्या बायांची मागणी होती. तिच्या मुळावर पुढे जे आले त्यात स्त्रीवादाचा वाटा किती आणि एका पगारात घर भागेनासे झाले त्याचा वाटा किती, याचा हिशेब उजव्यांनी फार उशिरा मांडायला घेतला. घरीच मुलांना शिकवण्याच्या चळवळीतही हीच अडचण. तिची सुरुवात जॉन होल्ट या शाळाविरोधी, डाव्या वळणाच्या लेखकाने 1977 मध्ये काढलेल्या पत्रिकेपासून झाली असे म्हणता येईल; पुढे इव्हँजेलिकल ख्रिस्ती कुटुंबांनी ती आपलीशी केली आणि 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत तिला कायद्याची मान्यता मिळवली. सरकारी शाळेपासून मूल वाचवायचे तर कुणाला तरी नोकरी सोडून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणित शिकवत बसावे लागते. तो पगार बुडाला तर भरून कोण देणार, यावर बाजाराची चूल गप्प.

लग्नाचे तर विचारूच नये. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा अमेरिकेतला पहिला आधुनिक कायदा 1969 मध्ये कॅलिफोर्नियात झाला आणि त्यावर सही केली गव्हर्नर रेगन यांनी. दोघांपैकी एकालाही नको असेल तर करार मोडता यावा, यात बाजाराच्या तर्काला खटकण्यासारखे काहीच नाही. पुढे असे कायदे बहुतेक राज्यांत झाले. त्यावर उतारा म्हणून लुइझियानाने 1997 मध्ये मोडायला अवघड अशा ‘कव्हेनंट’ लग्नाची सोय केली. निवड ऐच्छिक ठेवली, आणि शेकड्यात एखाद-दुसऱ्या जोडप्याने ती घेतली. इतक्या धार्मिक राज्यात! गर्भपाताच्या बाबतीतही हाच धडा. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1973 चा निकाल उलटवण्यासाठी उजव्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे घालवली, 1982 मध्ये स्थापन झालेल्या फेडरलिस्ट सोसायटीसारख्या संस्थांनी न्यायाधीशांची फळी घडवली, आणि 24 जून 2022 रोजी तो उलटला. सहा आठवड्यांत कॅन्ससने, म्हणजे रिपब्लिकनांच्या हक्काच्या राज्याने, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुमारे 59 टक्के मतांनी फेटाळला. मर्यादा हवी, पण माझ्या दारात सरकार नको, असे एकच मतदार एकाच श्वासात म्हणतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत जड आहे. चुली-बिली सोडा, या सगळ्याच्या तळाशी वर्णद्वेष आहे, असे म्हणणारे थोडे नाहीत आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. बकलींच्या नियतकालिकाने 1957 मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाचे संपादकीयात समर्थन केले. आपण चुकलो, हे बकलींनी कित्येक दशकांनी मान्य केले. गोल्डवॉटर यांनी 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले, आणि त्यांचे स्वतःचे अ‍ॅरिझोना सोडता त्यांना मिळालेली पाचही राज्ये खोल दक्षिणेतली होती. बंदुकीच्या हक्काचे आज एवढे गोडवे गाणाऱ्या पक्षाचे दैवत रेगन यांनी 1967 मध्ये, ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक सशस्त्र होऊन विधिमंडळात आल्यावर, भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. हे झाकून कुठलाही प्रामाणिक आढावा पुढे जाऊ शकत नाही. ‘स्थानिक स्वायत्तता’ या शब्दाला दक्षिणेत अनेक वर्षे एकच अर्थ होता. तरीही वर्ण हे संपूर्ण स्पष्टीकरण मानले तर टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी कळत नाही. जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, 1892 नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल न दिलेली, आणि 2024 मध्ये ट्रम्प यांच्या बाजूने. कुटुंब, चर्च, तेलाच्या विहिरींवरची नोकरी, सीमेवरचा गोंधळ, महागाई: ही कारणे कातडीचा रंग विचारून येत नाहीत. वर्णद्वेषाने या घराचा पाया अनेक ठिकाणी भरला, हे खरे. आज त्यात राहायला येणारे सगळे त्यासाठी येतात, हे खरे नाही.

दुसरा आक्षेप लबाडीचा. श्रीमंतांना करसवलत हवी असते, ती थेट मागून मते मिळत नाहीत, म्हणून देवाधर्माचे गाजर दाखवतात. थॉमस फ्रँक यांनी 2004 मध्ये कॅन्ससवर लिहिलेल्या पुस्तकाचा गाभा हाच. यात तथ्य इतके की 2017 मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा कायदा कंपन्यांचा कर 35 वरून 21 टक्क्यांवर आणणारा होता, आणि त्या कायद्याने एकही चर्च भरले नाही. पण ‘आपल्या हिताविरुद्ध मत देणारा मतदार’ ही कल्पना मला उर्मट वाटते. माणसाचे हित खिशातच असते हे कुणी ठरवले? शिवाय मतदार तितका भोळाही नाही. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी 1967 मध्येच दाखवले होते की सामान्य अमेरिकन तत्त्व म्हणून सरकारला शिव्या देतो आणि एकेक योजना विचारली की तिला हो म्हणतो. 2009 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका सभेत एका गृहस्थाने आपल्या रिपब्लिकन खासदाराला बजावले की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारचीच आरोग्य योजना, म्हणून देशभर हसे झाले. हसण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर पगारातून कापून गेलेला पैसा त्याला दान वाटत नव्हता, कमाई वाटत होती. 2024 पर्यंतच्या काही वर्षांत गॅलपच्या पाहण्यांत स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारे 36-37 टक्के भरत होते आणि लिबरल 25 टक्क्यांच्या आसपास. त्या 36 टक्क्यांत हे गृहस्थ मोजले जातात, हायेक नाही.

बाजाराची धग सहन होईनाशी झाली ती या शतकात. चीन 2001 च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि 2000 मध्ये सुमारे 1 कोटी 70 लाख असलेल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या 2010 पर्यंत 1 कोटी 15 लाखांच्या आसपास आल्या. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 पर्यंत कारखान्यांत आणि त्यांच्याबाहेरही गेलेल्या 20 ते 24 लाख नोकऱ्यांचे खापर चिनी आयातीवर फोडले. कारखाना गेला की त्याच्यामागे बेसबॉलचा संघ जातो, चर्चची वर्गणी आटते, लग्ने लांबतात. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांना 2015 मध्ये मध्यमवयीन गोऱ्यांचा मृत्युदर वाढताना दिसला, दारू, अमली गोळ्या, आत्महत्या यांमुळे, आणि त्यात कॉलेजची पदवी नसलेले सर्वांत पुढे. हायेकच्या वाचकाकडे या गावांसाठी सल्ला एकच होता: काम असेल तिथे जा. कर्कच्या वाचकाला तो सल्ला म्हणजे गावाचे श्राद्ध. 2016 मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने ट्रम्पविरोधात अख्खा अंक काढला, जॉर्ज विल यांच्यासारख्या ज्येष्ठ स्तंभलेखकाने पक्ष सोडला, आणि मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्याकडे गेले. हा माणूस कॉन्झर्व्हेटिव्ह आहेच कुठे, तीन लग्ने, जुगारखाने, तोंडाला लगाम नाही, असा तिसरा आक्षेप तेव्हापासून आहे. व्यक्ती म्हणून तो मान्य करायला काहीच हरकत नाही. पण आयातकर, सीमा, परदेशी युद्धांचा कंटाळा हे सगळे ब्युकॅनन यांच्या पोतडीतले होते. फरक असा की संस्थांचा आदर, कायद्याची चौकट, शब्दाची मर्यादा, ज्यांच्याविना कर्क यांचा परंपरावाद एक पाऊल चालत नाही, त्याच या चळवळीने सर्वांत आधी गहाण टाकल्या. 6 जानेवारी 2021 ला संसदेच्या इमारतीत ट्रम्पसमर्थक जमावाने जे केले ते जपणुकीच्या कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

भारतीयांना, आणि पुण्या-मुंबईच्या घराघरांना, या भांडणाची झळ थेट बसली ती एच-1बी व्हिसातून. 2024 च्या डिसेंबरात उद्योजक इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी एका बाजूला, ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूला, असे उजव्यांचेच जुंपले. एकाला जगभरातले कसबी हात हवेत, दुसऱ्याला ती नोकरी ओहायोच्या पोराला हवी. 19 सप्टेंबर 2025 ला नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. हे व्हिसे मिळवणाऱ्यांत भारतीय सत्तर टक्क्यांहून अधिक. अमेरिकेतल्या मराठी मंडळींत कमी कर, शिस्त, कुटुंब या मुद्द्यांवर रिपब्लिकनांकडे झुकणारे होते आणि आहेत. आपण बाजाराच्या चुलीवर जेवायला बसलो होतो आणि घराची मालकी दुसऱ्या चुलीकडे चालली आहे, हे त्यांना त्या शुल्काने कळवले.

दुसऱ्या चुलीचे विचारवंत आता कागदावरही उतरले आहेत. पॅट्रिक डनीन यांनी 2018 मध्ये उदारमतवादच फसला असे लिहिले. ओरेन कास यांनी 2020 मध्ये ‘अमेरिकन कंपास’ ही संस्था काढून मजुरी आणि युनियन हे शब्द उजव्यांच्या तोंडी आणले. 2024 च्या जुलैत रिपब्लिकन अधिवेशनात टीमस्टर्स युनियनचे अध्यक्ष भाषण करून गेले. कृतीत मात्र अजून पहिलीच चूल जळते. मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली यांनी 2025 मध्ये गरिबांच्या मेडिकेडला कात्री लावू नका असा लेख लिहिला आणि दोन महिन्यांत कात्री लावणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मत दिले. त्याच कायद्याने दर मुलामागची करसवलत 2000 वरून 2200 डॉलर झाली. त्या दोनशे डॉलरांत अमेरिकेत एका मुलाचे पाळणाघर आठवडाभरही धड चालत नाही.

रविवारकडे परत येतो. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा तो खंडोबाचा वार असल्याचा दाखलाही दिला होता असे सांगतात. देव आणि मजूर एकाच सुट्टीत मावू शकतात हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेत रविवारची सुट्टी आज चिक-फिल-ए ही खाद्यगृहांची साखळी पाळते. 1946 पासून रविवारी बंद असूनही दर दुकानामागे विक्रीत ही साखळी देशात अगदी वरच्या क्रमांकांत आहे, आणि बाजाराचे भक्त तिचे उदाहरण अभिमानाने देतात: पाहा, कायदा न करताही रविवार पाळता येतो. पण तो मालकाच्या श्रद्धेवर मिळालेला रविवार आहे; शेजारच्या दुकानात काम करणाऱ्याला तो मिळत नाही. हेरिटेज फाउंडेशनने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ‘प्रोजेक्ट 2025’ म्हणून गाजलेल्या नऊशेहून अधिक पानांच्या जाडजूड आराखड्यात कामगार खात्यावर एक प्रकरण आहे. विसाव्याच्या दिवशी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत रविवारी, काम करायला लावले तर दीडपट मजुरी द्यावी, असा कायदा करा, असे त्यात सुचवले आहे. मेरिलँडच्या त्या सात नोकरांच्या खटल्याला साठ वर्षे उलटल्यावर हे सुचले. आणि त्याच सूचनेच्या खाली, त्याच पानांत, ‘दुसरे मत’ म्हणून काही ओळी छापलेल्या आहेत: सरकारने या भानगडीत पडू नये, असे वाटणारेही कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत.